वारा चार महिन्यांचा, हप्ता बारा महिन्यांचा

ठोसेघरचा धबधबा पाहून पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. पवनचक्क्या दिसल्या की मुले गाडीतच ओरडू लागतात. माझ्या नातवंडांनीही तेच केले. मला मात्र ती पाती पाहून बँकेतल्या फायली आठवतात.

१९९०च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर शंभर टक्के घसारा मिळत असे. ज्याला नफा उदंड झाला आणि प्राप्तिकर भरणे जिवावर आले, त्याने एखादी पवनचक्की घ्यावी, असा तो काळ. अशाच एका कर्जप्रस्तावाच्या वेळी मी विचारले, ‘‘शेठ, वर्षाला युनिटं किती निघतील?’’ ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, ते आमच्या सीएंना ठाऊक!’’ त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. सवलत होती ती यंत्र उभे करण्याला. ते फिरते की नाही, हे विचारायचे कुणी? युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना केंद्राने आणली ती २००९ मध्ये. घसाऱ्याचे मात्र मागेपुढे चालूच राहिले : २०१२ मध्ये वाढीव सवलत बंद, २०१४ मध्ये पुन्हा सुरू, २०१७ पासून दर ४० टक्के.

त्यात आमच्या सह्याद्रीतला वारा. तो मुख्यतः जून ते सप्टेंबर, पावसाच्या बरोबरीने वाहतो. हप्ता मात्र बारा महिने असतो, हे कर्जदाराला पटवताना माझी अर्धी नोकरी गेली.

आज चित्र पालटले आहे, हे मान्य केले पाहिजे. राजस्थानातल्या भडल्याच्या सौर प्रकल्पासाठी २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैसे अशी बोली लागली, तेव्हा कोळशाचे हिशेब करणारेही चमकले. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता हे देशाचे उद्दिष्ट आहे. ऊन भरपूर, जमीन आहे, पैसाही येतो आहे. मग अडते कुठे? अडते ते वीज विकत घेणाऱ्याच्या दारात. जुलै २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आधीच्या करारांतले दर कमी करून घेण्यासाठी समिती नेमली. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने उत्पादकांच्या बाजूने निकाल दिला. पण मधल्या अडीच-पावणेतीन वर्षांत त्यांचे कर्जाचे हप्ते कुणी थांबवले होते? वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, सरकारचा बांधणे कठीण.

हे सांगण्याचे कारण घरचेच आहे. माझ्याबरोबर निवृत्त झालेले मित्र सध्या फंडाच्या पैशातून ‘हरित’ शेअर घेण्याच्या गोष्टी करतात. ‘इरेडा’ या सरकारी वित्तसंस्थेचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विक्रीस आला, जुलै २०२४ मध्ये तो तीनशेच्या पुढे गेला आणि वर्ष उलटायच्या आत निम्म्याखाली उतरला. बत्तीसला घेणारे मला दोन भेटले. तीनशेला घेणारे बरेच, पण ते आता विषय बदलतात.

मला विचाराल तर पैसा घालायचाच, तर पहिल्यांदा आपल्याच गच्चीकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. असा संच स्वच्छ उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिटे देतो. पावसाळ्यात कमी, आणि पाट्यांवर धूळ साचली तर आणखी कमी. पाण्याच्या टाकीची सावली पडते का, हे विक्रेत्याने सांगण्याआधी आपण दुपारी तीन वाजता वर जाऊन पाहावे. मागच्या वर्षीची बिले काढावीत, बेरीज करावी. ज्याचे बिल मुळातच चारशे-पाचशे रुपये येते, त्याने कर्ज काढून घाई करू नये.

आमचे मात्र फ्लॅटचे दुखणे. गच्ची सर्वांची, म्हणजे कुणाचीच नाही. याच योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचे बिल त्यातून उतरू शकते. पुढच्या रविवारी आमची सभा आहे. विषयपत्रिकेत हा विषय पाचवा आहे, आणि चौथा पार्किंगचा!