रुग्ण आमचे, पासवर्ड तुमचा

रक्तपेशी मोजणारी यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकांस,

तुमच्या सेल काउंटरच्या मोजणीबद्दल माझी तक्रार नाही. थेंबभर रक्तातून तो हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट सगळं मिनिटभरात काढून देतो. मोजलेलं जपायची वेळ आली की मात्र तुम्ही हात वर करता, दुखणं ते आहे.

ऐन डेंग्यूच्या साथीत यंत्राचा बोर्ड गेला. तुमच्या इंजिनियरने नवा बसवला आणि जुन्या नोंदींचा सगळा साठा पुसला गेला. "डॉक्टर, बॅकअप घेऊन ठेवायचा ना," असं म्हणून तो मोकळा झाला. घ्यायचा कुठून? बॅकअप सर्व्हिस मेनूत, आणि त्या मेनूचा पासवर्ड तुमच्याकडे. मागितला, तर म्हणे कंपनीच्या नियमात बसत नाही. कपाट विकून किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवणाऱ्या सुताराला काय म्हणावं?

आकडे आम्ही हाताने संगणकात भरतो, म्हणून ते तरी वाचले. गेले ते आलेख. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी इतक्या बारीक होतात की यंत्र त्यातल्या काही प्लेटलेट म्हणून मोजतं. आकडा दिसायला ठीक असतो. पण प्लेटलेटच्या आलेखाची, म्हणजे हिस्टोग्रामची, शेपटी खाली तळाला टेकत नाही. ती पाहूनच आम्ही काचपट्टीवर स्मिअर करून प्लेटलेट पुन्हा तपासतो. यंत्राचा आकडा आम्ही का बदलला, असं उद्या कोणी विचारलं तर दाखवायला आलेखच उरलेला नाही. यंत्र बरोबर मोजतंय ना हे दाखवणारे रोजच्या कंट्रोलचे लेव्ही-जेनिंग्ज तक्तेही त्याच बोर्डाबरोबर गेले. वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९:२०२२ या मानकानुसार माहिती सुरक्षित ठेवणं आणि यंत्रणा बंद पडल्यास पर्याय तयार ठेवणं ही लॅबची जबाबदारी. म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलपुढे उत्तर द्यायचं आम्ही!

पेन ड्राइव्हवर जी फाइल उतरते, ती तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मागे सीरियल पोर्ट आहे, पण त्यातून काय कुठल्या क्रमाने बाहेर पडतं त्याची पुस्तिका मागितली, तर जोडणीच्या परवान्याचं कोटेशन हाती आलं. यंत्राने लॅबच्या संगणकाशी कसं बोलावं याचे एएसटीएम आणि एचएल७ हे संकेत कधीचेच ठरलेले आहेत. तरी आमची टेक्निशियन दिवसभर पडद्यावरचे आकडे बघून टाइप करते. ८.२ चं २.८ व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि तसं झालं तर रुग्णाचे नातेवाईक तुमच्या दारात नाही, आमच्या दारात येतात.

रीएजंट तुमचंच घेतो, वार्षिक देखभालीचे (एएमसी) पैसे वेळेवर भरतो. एवढं करूनही आमच्याच रुग्णांच्या नोंदींसाठी आम्ही तुमच्याकडे हात पसरायचा, हे मनाला लागतं.

बॅकअपचा अधिकार लॅबला द्या. आलेख, कंट्रोल आणि कॅलिब्रेशनसकट सगळं कुठल्याही संगणकात उघडेल अशा फाइलमध्ये उतरवू द्या. जोडणीची पुस्तिका यंत्राबरोबरच द्या. बोर्ड बदलण्याआधी साठा काढता येतो का ते पाहा, आणि येत नसेल तर तसं लेखी द्या.

आणि नवं यंत्र घेणाऱ्या लॅबवाल्यांनो, डेमोला आलेल्या माणसाला आधी पेन ड्राइव्ह द्या. त्यावर काय उतरतं ते आपल्या संगणकात उघडून बघा, ऑर्डरमध्ये लिहून घ्या आणि मगच सही करा.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक पॅथॉलॉजिस्ट