चतुःसीमेतली नावं

अकोल्याच्या जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून उभी असलेली घरं एकेक करून पडताहेत. त्यांत कोण कोण राहून गेलं, हे शोधणाऱ्या वाचकांसाठी हा अंक.

मालकांचा माग मालमत्ता पत्रक, फेरफार, सूची क्रमांक २ यांतून लागतो. खरी गंमत खरेदीखतातल्या चतुःसीमेत असते. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस तमक्याचा वाडा. म्हणजे आपल्या घराचा जुना धनी शेजाऱ्याच्या दस्तातही सापडतो. भिंत सामाईक असली की हमखास. फार मागे गेलात की अक्षर मोडी होतं, आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली.

मला मात्र ओढ आहे ती भाडेकरूंची, बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींची. दस्तात त्यांना जागा नाही. शाळेचं जनरल रजिस्टर, जुन्या मतदार याद्या, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इथे त्यांतली काही भेटतात. बाकीची शेजारच्या आजींच्या आठवणीत आहेत. घर पाडायला काढण्याआधी त्यांच्यापाशी जाऊन बसा, आणि तुळईवर साल कोरलेलं असेल तर तेवढं उतरवून घ्या.