दप्तर मुंबईत, हुकूम कोठला?

इ. स. १८१८ ते १८३० या काळात छत्तीसगड कोणाचे, असा प्रश्न कोणी केला असता तर कागदोपत्री त्याचे उत्तर निःसंदिग्ध होते: नागपूरकर भोसल्यांचे. गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी होते आणि मुलूख त्यांच्याच नावाने ओळखला जाई; परंतु कारभाराची कचेरी रतनपुराहून रायपुरास आली ती इंग्रज सुपरिंटेंडेंटांच्या अमदानीत, आणि त्या जागेवर बसलेल्या ॲग्न्यू साहेबाला हुकूम सुटत ते नागपूरचा रेसिडेंट जेन्किन्स याच्याकडून. पुढे मुलूख परत मिळाला खरा, पण १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले, आणि अंमल ज्याच्या हाती त्याने मनात आणल्यास मालकीच्या कागदाचे मोल काय उरते, हे सर्वांना कळून चुकले.

हे जुने प्रकरण भिलाईत बसून आज आठवावे याचे कारण असे की, ‘आपली माहिती भारताबाहेर जात नाही’ या आश्वासनाचा सध्या सर्वत्र उदोउदो चालला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि २०२२ साली हैदराबादेत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली; रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठविण्याची सक्ती केली, तिचाही परिणाम मोठा झाला. हे सर्व इष्टच आहे. परंतु स्थळ आणि सत्ता या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि क्लाउड कंपन्यांची जाहिरात पहिलीविषयी जितकी बोलकी असते तितकीच दुसरीविषयी मितभाषी असते.

सुपेल्यातील एखाद्या पॅथॉलॉजी लॅबच्या चालकाने रुग्णांचे अहवाल ठेवण्यासाठी क्लाउडवर खाते उघडले अशी कल्पना करू. पडद्यावरील यादीतून तो ‘आशिया पॅसिफिक, मुंबई’ हा पर्याय निवडतो आणि कायद्याचे आपण पालन केले या समाधानात पुढे सरकतो. माहिती कुलूपबंद ठेवण्याची किल्ली कोणाजवळ असावी, हाही एक प्रश्न तेथे असतो. पण कोणी मुद्दाम बदल केला नाही तर ती किल्ली कंपनीच सांभाळते, आणि रांगेत माणसे खोळंबलेली असताना असा बदल करीत बसायला सवड कोणाला? परिणामी राजनांदगावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या रक्तातील साखरेची नोंद मुंबईत सुरक्षित पडून राहते, मात्र कुलूपही कंपनीचे आणि किल्लीही कंपनीचीच. शिवाय ॲमेझॉनच्या सेवेत कोणाला किती अधिकार आहेत याच्या नोंदी बदलणारी मुख्य यंत्रणा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आहे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील केंद्रात मोठा बिघाड झाला, तेव्हा त्याची झळ जगभर दूरदूरच्या लोकांना लागली.

बिघाड हा अपघात म्हणून सोडून देता येईल. कायदा मात्र अपघात नव्हे. अमेरिकेच्या संसदेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, तेथील न्यायालयाचा रीतसर आदेश आला तर अमेरिकन कंपनीला आपल्या ताब्यातील माहिती हजर करावी लागते, मग ती माहिती जगाच्या पाठीवर कोठेही ठेवलेली असो. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या समितीपुढे मायक्रोसॉफ्टच्या तेथील प्रतिनिधीला शपथेवर विचारण्यात आले की, फ्रेंच सरकारच्या संमतीवाचून फ्रेंच नागरिकांची माहिती अमेरिकेकडे जाणार नाही याची हमी तुम्ही देता काय. असे आजवर घडलेले नाही, पण हमी देता येणार नाही, असे प्रांजळ उत्तर त्यांनी दिले. जाहिरातीच्या शंभर पानांपेक्षा मला ही एक साक्ष अधिक मोलाची वाटते.

आणि प्रश्न केवळ कोणी चोरून वाचण्याचा नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या, गुजरातेत वाडीनारची रिफायनरी चालविणाऱ्या आणि मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या कंपनीवर निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी आहे. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेलसह अनेक सेवा थांबविल्या. पूर्ण पैसे भरून परवाने घेतलेल्या आणि भारतीय कायद्याचा कोणताही भंग न केलेल्या आपल्यासारख्या कंपनीला आपल्याच माहितीपासून तोडले, अशी तक्रार घेऊन नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. ब्रुसेल्समध्ये ठरले, रेडमंडच्या कंपनीने अमलात आणले आणि खोळंबा मुंबईत झाला. या सगळ्यात सर्व्हर कोठे होता, हे विचारण्याची कोणाला गरजसुद्धा पडली नाही.

कंपन्या निरुत्तर आहेत असे मात्र नाही. ॲमेझॉनने जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे युरोपसाठी निराळे ‘सार्वभौम’ क्लाउड उभारले असून त्याचा कारभार युरोपातच राहणारी माणसे पाहतील असे ठरविले आहे. किल्ली ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रात, कंपनीच्या हाताबाहेर ठेवण्याची सोयही आज अनेकांकडे मिळते. ही सोय किती खरी आणि किती शोभेची यावर वाद होऊ शकेल. पण ती युरोपास आधी का मिळाली, यावर वाद नको. जुलै २०२० मध्ये युरोपच्या न्यायालयाने अमेरिकेशी माहितीच्या देवाणघेवाणीची चौकटच रद्द केली. गिऱ्हाईक हटून बसले म्हणून दुकानदाराने नवा माल मांडला. आपण तसे हटून बसलो नाही. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे १६ वे कलम केंद्र सरकारला काही देशांत माहिती नेण्यास मनाई करण्याचा अधिकार देते. किल्ली आणि कारभार कोणाच्या हाती असावा, याविषयी ते मौन पाळते.

परकीय तंत्रावर बहिष्कार घालावा, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही, आणि भिलाईत राहून कोणी ते सुचवूही नये. २ फेब्रुवारी १९५५ च्या कराराने येथला पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. यंत्रे परकी होती, आराखडे परके होते. परंतु आपले अभियंते रशियात जाऊन शिकून आले आणि भट्टीवर उभे राहण्याचे ज्ञान येथल्या माणसांच्या हाती आले. दहा लाख टनांचा कारखाना पुढे पंचवीस आणि चाळीस लाख टनांवर गेला. १९९१ साली सोव्हिएत संघच नाहीसा झाला, पण भिलाईची एकही भट्टी त्यामुळे विझली नाही.

मे २०२५ मध्ये नव्या रायपुरात इंदूरच्या रॅकबँक या कंपनीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली, याचा आनंद मला आहेच. तथापि भारतीय मालक म्हणजे निश्चिंतता, हा समजही भाबडाच. त्याच २०२३ च्या कायद्याचे १७ वे कलम केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून मोकळे करण्याची मुभा देते, आणि रुग्णाच्या दृष्टीने पाहता आपला अहवाल परक्या दरबाराने उघडला काय किंवा आपल्याच दरबाराने विनाचौकशी उघडला काय, उघडला तो उघडलाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम जारी झाले. कंपन्यांवरील बहुतेक जबाबदाऱ्या मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. राज्य सरकारच्या रुग्णालयांचे, शाळांचे आणि भूमी-अभिलेखांचे करार ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने होतात त्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही: किल्ली शासनाच्या किंवा संस्थेच्या स्वाधीन राहील, सेवा बंद करण्यापूर्वी भारतीय न्यायालयासमोर नोटीस द्यावी लागेल आणि माहिती सगळी उचलून दुसरीकडे नेता येईल, एवढी कलमे निविदेत घालायला नव्या कायद्याची गरज नाही, आणि एकदा करारावर सही झाल्यावर ती घालून घेणे महाकठीण.