जगाचा अभ्यास बीदरपासून

जागतिक अध्ययन, म्हणजे इतिहास, अर्थकारण, राजकारण आणि भाषा यांच्या आधारे देशोदेशींचे परस्परसंबंध एकत्रितपणे तपासणारी ज्ञानशाखा, पदवी स्तरावर शिकवणे ही महानगरांची मक्तेदारी राहू नये; कारण तिची साधने बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकातील, महाराष्ट्राच्या सीमेवरील जिल्ह्यांत पावलोपावली आढळतात. इराणच्या गिलान प्रांतातून आलेल्या बहमनी वजीर महमूद गवानाने १४७२ मध्ये बीदरला मदरसा उभारला, ऑटोमन सुलतानाशी पत्रव्यवहार केला, आणि त्याच सुमारास रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच नगरीत राहून गेला.

वर्तमानाचा पुरावा शेतात आहे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर ओळख, लाभले. तथापि भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळींच्या आयातीबाबत सामंजस्य करार केला असून, तेथील तूर आपल्या बंदरांत कधी आणि किती उतरते, याचा परिणाम कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदच्या शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या भावावर होतो.

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील अनेक मुले घरी मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी ऐकत वाढतात, आणि हे बहुभाषिकत्व या विषयाचे भक्कम भांडवल आहे. म्हणून कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठाने आणि १९८० पासूनच्या गुलबर्गा विद्यापीठाने स्थानिक इतिहास, शेतमालाचा व्यापार व फारसी साधने यांवर आधारलेला पदवी अभ्यासक्रम आखावा, त्यात मराठीतून संदर्भसाहित्य द्यावे, आणि कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्य सरकारांनी त्यासाठी निधी व शिष्यवृत्त्यांची तरतूद करावी.