धान राखणारा बोका अन् तुंबलेली लघवी



या पानावर आपण तुडतुडे, खोडकिडा, करपा यावर बोलतो. आज बोक्याच्या लघवीवर लिहितो आहे. हसू येईल, पण पूर्ण वाचा. आपल्या गोंदिया जिल्ह्यात ज्याच्या घरी धानाची ढोली, त्याच्या घरी बहुतेक मांजर असतेच. लहान पोट्टे खेळतात त्या घरात उंदराचं औषध टाकायची हिंमत होत नाही. मग बारदाना कुरतडणारे उंदीर आवरायचं काम मांजराकडेच राहते. हे काम ते वर्षभर बिनपगारी करते.

माझं म्हणणं एवढंच आहे: बोक्याची लघवी बंद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. बोका घडीघडी बसते, जोर लावते, पण थेंबही पडत नाही. पडला तर लालसर असतो. ओरडते, लघवीची जागा सारखी चाटते, नेहमीची जागा सोडून चुलीजवळ, पोत्यावर, कुठंही बसते. मग खाणं सोडते, ओकते, कोपरा धरते. आपल्याकडे हे पाहिलं की लोक म्हणतात, "याले संडास होऊन नाही राहिली," अन् एरंडेल पाजतात. त्यात दिवस जातो. पोटाच्या मागच्या भागात हलका हात लावला तर लिंबाएवढी, मोसंबीएवढी टणक गाठ लागते. ती भरलेली लघवीची पिशवी असते. ती दाबू नका, फुटू शकते.

असं का होते? बोक्याची लघवीची नळी लांब अन् टोकाला फार बारीक असते. मांजरीची आखूड अन् रुंद असते, म्हणून तिला जळजळ झाली तरी नळी क्वचितच बंद पडते. बोक्याच्या नळीत वाळूसारखे खडे, चिकट घाण किंवा सूज आली की रस्ता बंद. लघवी बाहेर गेली नाही की मूत्रपिंड काम करत नाही. अंगातलं विष अन् पोटॅशियम रक्तात वाढत जाते, अन् वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडते. पूर्ण तुंबल्यावर दोन-तीन दिवसांत बोका मरू शकते. आपण "पाहू उद्या" म्हणतो, तेवढीच त्याची मुदत असते.

बैलाचं अन् बोकडाचं तुंबणं आपल्याला नवीन नाही. खच्ची केलेल्या बोकडाला नुसता धानाचा कोंडा चारला की खडे होतात, हे धानपट्ट्यातल्या जुन्या लोकांनी पाहिलं आहे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर अन् कॅल्शियम अगदी कमी. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास पाहिजे, ते कोंड्यात उलटं असते. शिवाय फार लहानपणी खच्ची केलं तर नळीची वाढ नीट होत नाही. म्हणून बोकडाला कोंडा मोजून, सोबत खनिज मिश्रण, मीठ अन् भरपूर पाणी देतात. पण बोकडाचा हा हिशोब बोक्याला लावू नका. मीठ चाटवणं, बोकडासाठी आणलेली पावडर देणं, हे मांजराला चालत नाही.

त्याहून मोठा धोका आपल्या घरातल्या तापाच्या गोळीचा आहे. बोका कण्हते म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देतात. मांजराच्या यकृतात ते औषध पचवायची सोयच कमी आहे. तीन-चार किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी जीव घ्यायला पुरते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते, दम लागते. एका जिवाचं औषध दुसऱ्याला विष होते, हे गिधाडांनी आपल्याला दाखवून दिलं आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मेली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी ते औषध सरकारनं बंद केलं.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच. तरुण मांजरात हा त्रास बहुतेक वेळा जंतूंचा नसतोच. पिशवीला सूज येते, अन् त्यामागे भीती, ताण असू शकते. घरात लग्न, पाहुण्यांची गर्दी, नवा कुत्रा, दुसरा बोका, यातून त्रास सुरू होऊ शकते. खडेही दोन मुख्य जातीचे असतात. एक जात खास खुराकानं विरघळते, दुसरी विरघळत नाही. लघवी तपासल्याशिवाय अन् फोटो काढल्याशिवाय घरी बसून हे ठरत नाही.

डॉक्टर काय करतात? गुंगी देऊन बारीक नळी घालतात, पिशवी मोकळी करतात, सलाईन देतात, दोन-तीन दिवस नजर ठेवतात. पुन्हा तुंबण्याची भीती असते, म्हणून घरी आणल्यावरही लघवी होते की नाही ते रोज पाहावं लागते.

आता खर्चाची गोष्ट. "मांजर फुकट भेटते, त्याच्यावर पैसे कोन लावते गा?" हा प्रश्न मी पारावर ऐकला आहे. प्रश्न खोटा नाही. धान विकून हातात काय उरते ते सर्वांना माहीत आहे. पण उत्तर असं की लवकर नेलं तर खर्चही कमी लागते अन् वाचायची आशाही जास्त. अन् ज्याच्या भरवशावर वर्षाचं धान घरात ठेवलं, त्याला कोपऱ्यात तडफडत मरू देणं हा हिशोब मला पटत नाही. वाचवणं शक्यच नसलं तरी डॉक्टरकडे नेलं तर त्याचा त्रास तरी थांबवता येते.

टाळायचा उपाय मात्र जवळपास फुकट आहे: पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यांना तहान कमी लागते. उंदरातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यावर त्यांचं भागते. आता गावातही शहरासारखे कोरडे दाणे आले आहेत. त्यात दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी असते. घरातच बसून असलेला, खच्ची केलेला, जाडा बोका अन् त्यात नुसते कोरडे दाणे, हा सर्वांत धोक्याचा मेळ.

म्हणून दोन-तीन जागी रुंद भांड्यात ताजं पाणी ठेवा, खाण्याच्या ताटलीपासून थोडं दूर. दाणे देत असाल तर भिजवून द्या. बोडीतल्या मासोळीचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी खाण्यात कालवा. कांदा मांजराला विष आहे. दुधाला पाणी समजू नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना त्यानं ढाळ लागते. उन्हाळ्यात पारा ४५ कडे जाते तेव्हा, अन् थंडीत ते पाणी कमी पितात तेव्हाही लक्ष ठेवा.

शेवटी एक मागणी. गुंतागुंतीच्या केससाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते गोंदियाहून सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या माणसाला तर आणखी अवघड. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बोक्यासाठीच्या चार-सहा बारीक नळ्या ठेवायला फार पैसा लागत नाही. त्या सर्व ठिकाणी असल्या पाहिजेत, अन् आपण मांजर पिशवीत घालून तिथं नेलं तरच ही मागणी कागदावर येईल. आपण नेतच नाही, तर डॉक्टर कोणासाठी मागवतील?

आज संध्याकाळी ढोलीजवळ तुमचा बोका दिसला की एवढंच पाहा, तो लघवी मोकळी करते की नुसता बसते.