साफसफाईचा पॅच आणि वाडीचा पूर

"नो फंक्शनल चेंज." लिनक्स कर्नलच्या फाइल सिस्टिममधल्या साफसफाईच्या पॅचवर हे तीन शब्द हमखास सापडतात. अर्थ असा की बाबांनो, फक्त झाडलोट केली आहे, कोड वागतो पूर्वीसारखाच, तेव्हा फार खोलात न जाता घेऊन टाका. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. नव्या फीचरपेक्षा साफसफाईचा पॅच जास्त कडक तपासला पाहिजे. आणि तो फाइल सिस्टिमचा असेल तर दुप्पट कडक!

कारण साधं आहे. नवं फीचर बिघडलं तर ते चालू करणाऱ्यांना त्रास होतो. साफसफाई बिघडली तर जे काल नीट चालत होतं तेच मोडतं, आणि ते सगळे वापरत असतात. वेबसाइट गंडली तर आपण रिफ्रेश मारतो. फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर गंडला तर चुकीचे ब्लॉक डिस्कवर जाऊन बसतात, मशीन रिस्टार्ट करून काही उपयोग नसतो. वर रात्रीचा बॅकअप त्या चुकीचीच इमानदारीत कॉपी काढून ठेवतो.

आता सगळी साफसफाई सारखी नसते हेही खरं. केफ्री या फंक्शनला नल पॉइंटर दिला तर ते मुकाट्याने परत येतं. म्हणून त्याच्याआधी लावलेला इफ काढला तर काही बिघडत नाही. असे पॅच खुशाल घ्यावेत. पण कुणी एरर झाल्यावरची वाट 'सुटसुटीत' करतो, दोन लॉक घेण्याचा क्रम बदलतो, किंवा डिस्कवर आधी काय लिहायचं आणि नंतर काय हे हलवतो, तेव्हा ती झाडलोट राहत नाही. जर्नल ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमचा सगळा भरवसा त्या क्रमावरच असतो. काय करणार ते आधी नोंदवहीत लिहायचं, मग प्रत्यक्ष करायचं. मध्येच वीज गेली तर नोंदवही बघून सावरता येतं. क्रम उलटला तर नोंदवही असून नसल्यासारखी.

एक खरं उदाहरण घेऊ. डिसेंबर २००८ मध्ये कर्नल २.६.२८ बरोबर एक्स्ट४ स्थिर म्हणून जाहीर झाली. २००९ च्या सुरुवातीला काही लोकांच्या तक्रारी आल्या की मशीन अचानक बंद पडल्यावर डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. झालं होतं असं, की बरेच प्रोग्रॅम नवी फाइल लिहून तिला जुन्या फाइलचं नाव द्यायचे, पण एफसिंक करून ती डिस्कवर पोचल्याची खात्री करत नव्हते. एक्स्ट३ दर पाच सेकंदांनी सगळं लिहून टाकायची, त्यामुळे ते खपून जायचं. एक्स्ट४ ब्लॉक द्यायचं काम पुढे ढकलते. त्यामुळे नाव बदललं, पण आतला मजकूर अजून मेमरीतच, अशी वेळ यायला लागली.

थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की पॉझिक्सच्या नियमाप्रमाणे चूक प्रोग्रॅमची आहे. ते बरोबरच होतं. पण लोकांचा डेटा जातोय म्हटल्यावर त्यांनीच एक्स्ट४ मध्ये तजवीज केली. जुन्या फाइलच्या जागी नवी येत असेल तर तिचे ब्लॉक लगेच देऊन टाकायचे. २.६.३० पासून हा कोड कर्नलमध्ये आहे. आता नुकत्याच आलेल्या हुशार पोराच्या नजरेने तो वाचा. पॉझिक्स मागत नाही, फाइल सिस्टिमच्या सिद्धांतात बसत नाही, परफॉर्मन्सला थोडा मारक... काढा! आणि काढला की सगळ्या टेस्ट बहुतेक हिरव्याच राहतील. कारण टेस्टच्या मधोमध कुणी प्लग उपटत नाही.

हे ओढूनताणून रचलेलं वाटत असेल तर डेबियनची गोष्ट आठवा. मेमरी तपासणाऱ्या टूलच्या वॉर्निंग जाव्यात म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमधल्या दोन ओळी बाद केल्या गेल्या. त्यानंतर किल्ली बनवताना खरी अनिश्चितता उरली ती फक्त प्रोसेस नंबरची, म्हणजे कमाल ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झालं आणि जगभर किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या. वॉर्निंग मात्र खरंच गेल्या होत्या!

हा विषय निघाला की मला आमच्याकडची नृसिंहवाडी आठवते. भर मे महिन्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं दत्ताचं देऊळ पाहिलेलं कुणीही विचारेल, पादुका इतक्या खाली, नदीच्या तोंडाशी कशाला? थोडी भिंत घाला, दरवाजे बंद करा, दरवर्षीचा चिखल उपसायचा ताप तरी वाचेल. तोच माणूस पावसाळ्यात आला तर त्याला दक्षिणद्वार सोहळा दिसेल. पाणी आत शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दरवाजातून बाहेर पडतं, लोक त्या पाण्यात स्नान करतात. उत्सवमूर्ती आधीच उंचावर हलवलेली असते. पाणी येणार हे तिथे गृहीतच धरलंय, आणि सगळी रीत त्याभोवती बसवली आहे. उन्हाळ्यात उघडा दरवाजा बघून तो बंद करायला निघालेल्या माणसाला पूर माहीत नसतो, एवढंच. कोडमधल्या कितीतरी कुरूप ओळी अशाच कुठल्यातरी पुरासाठी ठेवलेल्या असतात.

मग काय, जुन्या कोडला हातच लावायचा नाही? तसं अजिबात नाही. न झाडलेलं घरही पडतंच. रायझरएफएस २००१ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आली, पण पुढे तिची काळजी घेणारं कुणी उरलं नाही. २०२२ मध्ये ती बाद ठरवली गेली आणि नंतर ६.१३ मध्ये काढूनच टाकली. कोड वाचता येईनासा झाला की तो दुरुस्त करणाराही मिळत नाही. साफसफाई हवीच, प्रश्न ती कशी तपासायची एवढाच आहे.

माझ्या अपेक्षा चार. पहिली, जी ओळ काढताय ती का आली होती हे पॅचच्या वर्णनात लिहा. गिट ब्लेम बघा. तो १६ एप्रिल २००५ ला लिनस टोरवाल्ड्सच्या नावावर येऊन थांबला तर हुरळून जाऊ नका. कर्नलचा सगळा जुना कोड त्या दिवशी एकदम गिटमध्ये टाकला होता, ओळ त्याहून जुनी असू शकते. दुसरी, कोड हलवणं आणि कोड बदलणं एका पॅचमध्ये नको. तिसरी, पॅच माणसाला वाचता येईल एवढाच असावा. २०२० मध्ये पॅरागॉनने एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर सुमारे २७ हजार ओळींच्या एकाच पॅचमध्ये पाठवला, तेव्हा पहिली मागणी 'तुकडे करा' हीच होती. पुढे तो २०२१ मध्ये ५.१५ मध्ये आला. चौथी, एक्सएफएसटेस्ट चालवा, आणि व्हर्च्युअल मशीन अधूनमधून मुद्दाम धाडकन बंद करून बघा.

आणि एक मुद्दा आपल्या ऑफिसांसाठी. पॅच पाठवणाऱ्याचं नाव होतं, रेझ्युमेवर ओळ चढते. तीन तास डोकं घालून "हे काढू नका, यामागे कारण आहे" म्हणणाऱ्याच्या खात्यात अप्रेझलला काय जमा होतं? शून्य. कर्नलमध्ये निदान 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नाव तरी लागतं, पण तेही पॅच घेतला तरच. अडवलेल्या पॅचची नोंद इतिहासात राहतच नाही. ज्या टीममध्ये 'नाही' म्हणणारा माणूस कटकट्या ठरतो, तिथे हळूहळू सगळेच हो म्हणायला लागतात.

असो. सोमवारी तुमच्यासमोर "फक्त क्लीनअप आहे रे, पटकन अॅप्रूव्ह कर" असं काही आलं, तर चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा: ही ओळ कुठल्या पुरासाठी होती? उत्तर मिळेपर्यंत बटण दाबू नका.