डोके फिरल्यानंतरचा डाव

पोकरमध्ये तुमच्या हातात दोन एक्के आहेत आणि समोरच्याकडे दोन राजे. टेबलावरचे पाच पत्ते उघडण्याआधी याहून चांगली स्थिती क्वचितच मिळते. दोघांनीही जवळचे सगळे पैसे पुढे सरकवले, तर एक्केवाला शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतो. म्हणजे १८ वेळा हरतोही. हे गणित मुरलेल्या खेळाडूला तोंडपाठ असते. तरीही शेवटचा पत्ता राजाचा निघाला की त्याचे कान तापतात, छाती धडधडू लागते आणि पुढच्याच डावात तो असल्या पत्त्यांवर पैसे लावतो, जे एरवी त्याने बघताक्षणी टाकून दिले असते.

या अवस्थेला पोकर खेळणारे ‘टिल्ट’ म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आलेला आहे. चेंडू खाली घरंगळू नये म्हणून खेळणारा यंत्रालाच धक्के देऊ लागला, तर ‘टिल्ट’ असा दिवा लागायचा आणि यंत्र बंद पडायचे. मग बटणे कितीही दाबा, काही हलायचे नाही. पोकरने शब्द उचलला, पण ती सोय मात्र उचलली नाही. माणसाचे डोके फिरले म्हणून टेबल बंद पडत नाही. उलट त्या वेळी तो खुर्चीत बसून राहावा, अशीच बाकीच्यांची इच्छा असते, कारण त्यांची कमाई त्याच्याकडूनच व्हायची असते.

यावर उपाय म्हणून ‘भावनांवर ताबा ठेवायला शिका’ असा सल्ला दिला जातो. त्यावर पुस्तके आहेत, प्रशिक्षक आहेत, श्वसनाचे व्यायाम आहेत. माझे मत असे की हा सल्ला खोटा नसला तरी तो फार उशिरा पोहोचतो. ज्या क्षणी ताबा हवा असतो, त्याच क्षणी ताबा ठेवणारी यंत्रणा अधू झालेली असते. तीव्र ताणात नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखी रसायने वाढतात आणि कपाळामागचा मेंदूचा भाग, जो थांबून विचार करायला लावतो, तो नीट काम करेनासा होतो. रागावलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून कोणी शांत झाल्याचे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

त्यात हरण्याचे स्वतःचे मानसशास्त्र असते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांत प्रसिद्ध आहे. गमावलेले हजार रुपये कमावलेल्या हजारापेक्षा बरेच जास्त जाणवतात. शिवाय हजाराचा तोटा निमूट पत्करायचा, की दोन हजार जातील किंवा काहीच जाणार नाही असा निम्मा-निम्मा जुगार खेळायचा, असे विचारले तर बहुतेक लोक जुगार निवडतात. एरवी जपून वागणारा माणूसही तोट्यात असताना धाडसी होतो. रात्री दोन वाजता ‘फक्त गेलेले परत मिळवतो आणि उठतो’ असे म्हणणारा माणूस मूर्ख असतो असे नाही, तो चारचौघांसारखाच वागत असतो.

पैसा हे एकच कारणही नसते. हेलसिंकी विद्यापीठातील संशोधकांनी ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले, तेव्हा त्यांत अन्यायाची भावना ठळकपणे दिसली. मी नीट खेळलो, समोरचा वेड्यासारखा खेळला आणि जिंकला मात्र तो! मग खेळ पैशांचा राहत नाही, हिशेब चुकता करण्याचा होतो. पत्त्यांना कोण नीट खेळले हे ठाऊक नसते, पण संतापलेल्या मनाला हे पटवणे अवघड.

समोरासमोरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पत्ते पिसले जातात, वाटले जातात, कुणी चहा मागवतो. त्या रिकाम्या मिनिटांत राग थोडा तरी उतरतो. पडद्यावर एकाच टेबलावर याच्या दुपटीहून अधिक डाव होतात आणि एका वेळी चार टेबले उघडी ठेवता येतात. राग उतरायला जागाच उरत नाही.

म्हणून निर्णय आधीच, डोके थंड असताना घ्यावे लागतात. किती रक्कम गेली की उठायचे, किती वाजता उठायचे, हे घरून ठरवून निघायचे. तेवढीच रोकड खिशात ठेवायची, कार्ड घरी. पणजीला मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोवर गेलात तर परत किनाऱ्यावर यायलाही छोटी बोट लागते, त्यामुळे ‘वाटेल तेव्हा उठेन’ हे तिथे आणखीच अवघड. सोबतच्या मित्राला उठवण्याचा अधिकार द्यावा, आणि तो मित्र स्वतः न खेळणारा असावा.

हे सगळे थोडक्या पैशांत मौजेने खेळणाऱ्यासाठी झाले. माझी खरी काळजी वेगळी आहे. ‘टिल्ट’ हा शब्द आजारावर पांघरूण घालतो. लॉटरीत हरलेला माणूस नशिबाला दोष देतो. पोकरमध्ये कौशल्य खरोखरच असते, त्यामुळे हरणारा म्हणतो, ‘खेळ माझा चांगलाच आहे, फक्त त्या दिवशी राग आवरला नाही.’ मग राग आवरायला शिकणे हेच परत जाऊन बसण्याचे निमित्त होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात बसवले. त्याच्या नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार दिसली तर निदान होते. गेलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, किती हरलो हे घरी लपवणे, कमी करायला गेल्यावर चिडचिड होणे ही त्यांपैकीच तीन.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि देशातल्या मोठ्या अ‍ॅपनी असे डाव थांबवले. मला ते योग्य वाटते, पण त्याने मनाची सवय बंद होत नाही. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दहापैकी नऊहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. सकाळचा तोटा दुपारी भरून काढायला दुप्पट सौदा करणारा माणूस पोकरवाल्याचा सख्खा भाऊच.

घरात असे कुणी असेल तर ‘किती हरलास?’ हा प्रश्न बहुधा खोटे उत्तर मिळवतो. ‘हरल्यावर लगेच पुन्हा खेळलास का?’ हे विचारून पाहा. उत्तर वारंवार ‘हो’ येत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मराठीत बोलता येते, आणि फोन घरच्यांनी केला तरी चालतो.